फणसाला टांगलेलं इंजिन

(गॅरेजच्या पायरीवरून: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

दसरा झाला, पाऊस गेला की कोकणात पडवीतल्या ताडपत्र्या निघतात आणि ताडपत्रीखाली जीप सापडते, त्यामुळे यावेळी सगळे प्रश्न त्याच जातीचे आलेत. पहिल्या पत्राला उत्तर लांबलंय, त्याला इलाज नाही.

प्रश्न: काका, घर चिपळूणला, वाशिष्ठीपासून फार लांब नाही. आजोबांची एमएम ५४० आहे, महिंद्राची डिझेल जीप. २२ जुलै २०२१ च्या पुरात बॉनेटच्या वरपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर बाबांनी बाहेरून धुतली आणि झाकून ठेवली, तेव्हा घरच परत उभं करायचं होतं त्यामुळे गाडीकडे कोण बघणार. आता मी मनावर घेतलंय. इथला एक मेकॅनिक म्हणतो इंजिन जाम आहे, भंगारात घाल, बोलेरोचं टर्बोवालं टाक, गाडी विमान होईल. मला बाइकची सर्व्हिसिंग येते, चेन, ब्रेक शू, कार्बोरेटर वगैरे, त्यापुढे काही नाही. इंजिन स्वतः बदलता येईल का? अंगणात फणस आहे, त्याला चेन ब्लॉक, म्हणजे वजन उचलायची साखळीची कप्पी, लावीन म्हणतो. व्हिडिओत बघितलं तर दोन दिवसांचं काम वाटतंय.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर: दोन दिवसांचं काम आहे, बरोबर, ज्याने वीस वेळा केलंय त्याचं. तुझं पहिलं असेल तर दिवाळीनंतर हात घाल आणि मिरगाच्या आत गाडी उभी राहिली तर नारळ फोड. पण करता येईल का, तर येईल. जीपसारखी गाडी शिकायला दुसरी नाही, समोरची जाळी आणि रेडिएटर काढला की इंजिन तुझ्यासमोर उघडं, आजच्या गाड्यांत हात घालायलाही जागा नसते.

पण त्याआधी मला एक सांग, इंजिन मेलंय हे ठरवलं कोणी? जाम आहे म्हणजे मेलंय असं नसतं. पुरात बुडालेलं इंजिन सिलिंडरमध्ये गेलेल्या पाण्याने पिस्टनच्या रिंगा बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटून जाम होतं, आणि बऱ्याचदा सुटतं. तेव्हा पहिलं काम, बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. अजिबात नाही. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन जोरात वर आला तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग जे वाचलं असतं तेही गेलं.

इंजिनखालचा ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट सैल कर आणि काय येतं ते बघ. आधी निव्वळ पाणी येईल, मग दुधाच्या चहासारखं काहीतरी. मग हीटर प्लग काढ, थंड इंजिन सुरू व्हायला आतली हवा तापवतात ते, तुझ्या प्यूजो इंजिनला ते असतात. पण जोर लावून नाही, एवढी वर्षं गंजलेला प्लग हेडमध्ये तुटला की हेड उतरवावंच लागतं. दोन-तीन दिवस गंजावरचं स्प्रे मारत राहा, थोडा सैल, थोडा परत घट्ट, असं करत काढ. चारही भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओत आणि आठ-दहा दिवस विसरून जा. नंतर क्रँकच्या (पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याच्या) पुढच्या नटाला मोठा पाना लावून हाताने मागे-पुढे हलव. नुसता डुलव, फिरवायची घाई नको. एक इंचभर हलला तरी त्या दिवशी घरी गोड करायला सांग.

आणि सुटलं तरी लगेच स्टार्ट करायचं नाही हं. पुराचं पाणी म्हणजे नुसतं पाणी नव्हतं, चिपळूणकराला मी काय सांगायचं, गाळ होता. तो गाळ बोअरमध्ये, बेअरिंगमध्ये, डिझेल पंपात सगळीकडे आहे. हेड उतरव, खालचा ऑइलचा चेंबर उतरव आणि डोळ्याने बघ. बोअरला नखाला लागेल असे खड्डे पडलेत का, क्रँकवर ओरखडे आहेत का. लेथवाल्याकडे मापं घेऊन ये. बोअर करून, पिस्टन-रिंगा आणि बेअरिंग बदलून तेच इंजिन परत बसणार असेल तर मी डोळे झाकून तेच करीन, कारण ब्लॉकवरचा, म्हणजे इंजिनच्या मुख्य सांगाड्यावरचा, नंबर तोच राहतो. पंप मात्र पंपवाल्याकडेच दे, ते अंगणात उघडायचं काम नाही.

नंबराचं एवढं का, तर ऐक. आरसीवर चॅसिस नंबर असतो तसा इंजिन नंबरही असतो. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने जी गाडी दिली आणि आरसीवर जी लिहिली त्यात परवानगीशिवाय बदल करायचा नाही, आणि परवानगी घेऊन बदल केला की १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करून घ्यायची. कलम १८२-अ आलंय त्यात बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०१९ च्या जानेवारीत केरळच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या स्पेसिफिकेशनच्या बाहेरचे फेरफार चालणार नाहीत. हे सगळं मी घाबरवायला सांगत नाही, पण उद्या घाटात कोणाला धक्का लागला आणि विमेवाल्याने बॉनेट उघडून नंबर वाचला तर तुझं काय होईल ते बघ. म्हणून इंजिन आणायच्या आधी रत्नागिरीला आरटीओत जा, आणल्यावर नाही. जाताना आरसीची तारीख बघ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, नंतर पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते, पर्यावरण कर वेगळा. आजोबांच्या नावावरच असेल अजून तर ते आधी. गाडीचे कागद मेले असतील तर इंजिन जिवंत करून फिरवणार कुठे, अंगणात?

आता समजा ब्लॉकच फुटलाय, बदलावंच लागतंय. तर त्याच जातीचं आण. एमएम ५४० ला मुळात २११२ सीसीचं प्यूजो होतं, तेच मिळालं तर बेस्ट, माउंटिंग जुळतात, पाइप जुळतात, आरटीओतही बोलायला सोपं जातं. लोक २४९८ सीसीचं एक्सडी३पी टाकतात, २५२३ सीसीचं डीआय टाकतात, दोन्ही महिंद्राच्याच गाड्यांतली, पण ती आली की काहीतरी कापायचं, वेल्डिंग करायचं सुरू होतं, आणि परवानगीचा प्रश्न उभा राहतो. डीआयचा थरथराट पण जुन्या जीपच्या बॉडीला जास्त जाणवतो, हे माझं मत.

ते टर्बोवालं, म्हणजे कॉमन रेल, ज्यात डिझेलचा फवारा इलेक्ट्रॉनिक्सवर चालतो, ते विसर. त्याला ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, आलं, सेन्सर आले, वायरिंगचा अख्खा झाडू आला, इलेक्ट्रॉनिक अ‍ॅक्सिलरेटर आला. एका कनेक्टरला खारी हवा लागली की गाडी परशुराम घाटात उभी, आणि तू पाना घेऊन बघत बसणार. ज्याने विमान होईल म्हणून सांगितलंय त्याला विचार, बिघडलं तर रात्री येशील का.

विकत घेताना कोल्हापूरला उद्यमनगराकडे चौकशी कर, आंबा घाटातून टेम्पोने येतं, किंवा मुंबईत कुर्ल्याला. पण नुसतं इंजिन घेऊन येऊ नको, शेपटासकट घे. फ्लायव्हील, क्लच प्लेट-प्रेशर प्लेट, बेल हाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं घर), सेल्फ, अल्टरनेटर, फाउंडेशनचे रबर (ज्यांवर इंजिन बसतं ते) आणि त्यांचे ब्रॅकेट, अ‍ॅक्सिलरेटरचा दांडा, सगळे नटबोल्ट. विकणारा म्हणतो हे काय कुठेही मिळतं. नाही मिळत. त्या एका ब्रॅकेटसाठी तू तीन आठवडे बसतोस. आणि पक्कं बिल पाहिजे, त्यावर इंजिन नंबर लिहिलेला, ज्या गाडीतून निघालं तिच्या कागदांची कॉपी असेल तर उत्तम. नंबर घासलेलं इंजिन फुकट दिलं तरी नको.

उतरवताना प्रत्येक वायर-पाइप सोडायच्या आधी फोटो, मग चिकटपट्टीवर नाव. नटबोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, डब्यावर लिहून, आणि हे डबे आई धुवून परत नेणार नाही अशा जागी. गंजलेला बोल्ट फिरत नसेल तर आधी घट्ट करायच्या दिशेने हलकासा झटका दे, मग सोडव, खाऱ्या हवेतल्या गाडीला ही सवय लावून घे नाहीतर अर्धे बोल्ट डोक्याविना उरतील.

आता तुझा फणस. फणसाचं लाकूड चांगलं, मान्य, पण फांदी आतून पोखरलेली असते ते बाहेरून दिसत नाही, आणि डिझेल इंजिन म्हणजे दीड-दोनशे किलोचा ऐवज. शेवगा, जांभूळ, आंबा यांचा तर विचारही नको. पडवीच्या वाशाला पण नको, वासा उतरेल आणि कौलं तुझ्या डोक्यावर. जाड लोखंडी पाइपचा तिवडा भाड्याने मिळतो, तो आण, खाली फळ्या टाक कारण आपल्या लाल मातीत पाय रुततात. इंजिन वर असताना त्याच्याखाली हात, पाय, डोकं, कुत्रं, काहीही जायचं नाही. आणि चेन ब्लॉकची तीच साखळी धरायला दोन माणसं नकोत, ओढणारा एक, सांगणारा एक.

इंजिन पुढे ओढायच्या आधी गिअरबॉक्सखाली जॅक दे. हे नवखे हमखास विसरतात, मग गिअरबॉक्स लोंबतो, त्याचा सगळा भार इनपुट शाफ्टवरून, म्हणजे इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्यावरून, क्लच प्लेटवर येतो आणि प्लेट वाकते. परत बसवताना क्लच प्लेट बरोबर मधोमध पाहिजे. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट मिळाला तर तो घालून सेंटर कर, नाहीतर लेथवर डमी करून घे, लाकडाची सुद्धा चालते. पायलट बेअरिंग (त्या शाफ्टचं टोक धरणारं) जुनं असेल तर आत्ताच बदल, शंभर-दोनशेची वस्तू आहे आणि नंतर तिच्यासाठी सगळं परत उतरवावं लागतं. आणि इंजिन-गिअरबॉक्समध्ये बोटभर फट राहिली असेल तर बोल्ट आवळून ती ओढून घ्यायची नाही! हाउसिंगचा कान तुटतो, कडकन आवाज येतो, मी ऐकलेला आहे. फट राहतेय म्हणजे शाफ्ट नीट घुसला नाही. गाडी गिअरमध्ये घाल, क्रँक थोडा फिरव, इंजिनची मागची बाजू जराशी वर-खाली कर, आपोआप बसतं, आणि बसलं की कळतं.

बसल्यावर फॅनचं पातं रेडिएटरला लागत नाही ना बघ, चेंबर पुढच्या अ‍ॅक्सलवर आपटणार नाही ना बघ. आणि अर्थची जाड पट्टी, इंजिन ते चॅसिस. ही मी माझ्या पहिल्या इंजिनला विसरलो होतो. सेल्फ मारला तर करंट परत जायला रस्ता शोधतो, तो त्याने अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून शोधला, केबल लाल झाली, धूर, आणि मी समजलो इंजिनने पेट घेतला म्हणून बादलीभर पाणी ओतलं. शेजारी अजून काढतात तो विषय. पट्टीच्या दोन्ही टोकांचा रंग खरवडून चकचकीत पत्र्यावर बसव आणि वरून ग्रीस लाव.

पहिल्या स्टार्टला डिझेलच्या पाइपांतली हवा काढ, ऑइल भर पण खुणेच्या वर नको, आणि एक माणूस एअर क्लीनर काढून सपाट लाकडी फळी हातात घेऊन उभा कर. डिझेल इंजिन कधीकधी पंप अडकल्याने किंवा स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं, तेव्हा चावी काढून काही होत नाही, त्याचं नाक दाबावं लागतं. फळीने दाबायचं, हाताने नाही, फडक्याने नाही, फडकं आत ओढलं जातं. दहात नऊ वेळा फळी लागत नाही. तरी असू दे.

आणि ही गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही: पाणी फक्त इंजिनात गेलं नव्हतं. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (फोर बाय फोरची पेटी), पुढचा-मागचा डिफरन्शियल (चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा), चाकांची बेअरिंग, ब्रेक. नवीन इंजिन टाकशील आणि डिफरन्शियलमध्ये वाशिष्ठी तशीच. सगळीकडचं ऑइल काढून बघ, दुधाळ आलं की धुवून दोनदा बदल. ब्रेकचं काम इंजिनच्या आधी कर, चालणारी गाडी थांबणारी पण पाहिजे. मग पहिली फेरी बाजारपेठेपर्यंत, थंड होऊ दे, पाणी-ऑइल बघ, गळतंय का बघ, परत जा. कुंभार्ली घाट महिनाभराने.

प्रश्न: काका, माझ्याकडे सीजे ३बी जीप आहे, पेट्रोल, उंच बॉनेटवाली. एवढं पेट्रोल पिते की आंबा विकून पण भागणार नाही. डिझेल इंजिन टाकायचा विचार आहे, म्हणजे अ‍ॅव्हरेज पण आणि हायवेला गोव्यापर्यंत ९० चा स्पीड पण. कुठलं टाकू?
— एक वाचक, देवगड

उत्तर: कुठलंच नको. तिचं बॉनेट उंच का आहे माहितीय ना, आतलं २१९९ सीसीचं हरिकेन इंजिन उंच आहे म्हणून. ते इंजिनच त्या गाडीचा चेहरा आहे, ते काढलंस तर उरेल तो पत्रा.

स्पीडचं गणित करून बघ. मागे डिफरन्शियल ५.३८ चा, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनकडून येणारा दांडा ५.३८ फेऱ्या मारतो. १६ इंची सडपातळ टायर एका फेरीत साधारण २.३ मीटर जातो. ८० च्या स्पीडला चाक मिनिटाला ५८० फेऱ्या मारतं, त्याला ५.३८ ने गुण, टॉप गिअरमध्ये इंजिन ३,१०० च्या पुढे फिरतंय. जुनं डिझेल तिथे बोंबलायला लागतं. म्हणजे इंजिन बदलून स्पीड वाढत नाही, उलट कमीच होईल, स्पीड डिफरन्शियलमध्ये आहे. आणि ९० ला ते ड्रम ब्रेक आणि ते स्टिअरिंग, मी तुझ्या शेजारी बसणार नाही.

शिवाय पेट्रोलचं डिझेल म्हणजे आरसीवर इंधनाचा रकानाच बदलला. मंजुरी मिळेल असं धरून इंजिन आणू नकोस, आधी लेखी विचार. त्यापेक्षा कार्बोरेटर उघडून साफ कर, पॉइंट, प्लग, टायमिंग, कॉम्प्रेशन चेक कर, ब्रेक शू घासत तर नाहीत ना बघ, आणि पेट्रोलची टाकी गळते का ते तर आधी बघ, पिते कमी आणि सांडते जास्त अशा दोन जीपा मी बघितल्यात. गोव्याला जायला रेल्वे आहे.

प्रश्न: नवीन इंजिन टाकल्यावर टेस्टिंगला किनाऱ्यावर ओल्या वाळूत फोर बाय फोर लावून बघितली तर चालेल का? सगळे करतात.
— एक वाचक, गुहागर

उत्तर: नाही. सगळे करतात आणि मग भरती येते आणि ट्रॅक्टर बोलवतात, त्याचे व्हिडिओ तूही बघितले असशील. वाळूत माणसं असतात, कासवांची अंडी असतात, प्रशासनाची बंदी असते. आणि खारं पाणी चॅसिसच्या पोकळीत गेलं की ते आतून खातं. टेस्टिंगला चिरेखाणीचा रस्ता आहे की, मालकाला विचारून जा.

प्रश्न: भाऊ, मी गाडीवाली नाही, मुलाची आई आहे. गेल्या दिवाळीपासून अंगणात जीपचं इंजिन लाकडावर ठेवलंय, वरती पोतं. मुलगा मुंबईला, महिन्यातून एकदा येतो, बघतो, फोटो काढतो आणि जातो. सारवलेल्या अंगणात काळं तेल पसरलंय, आमसुलं वाळत घालायला जागा नाही, आणि तो म्हणतो हात लावू नको. काय करू?
— एक वाचक, राजापूर

उत्तर: ताई, तेलावर आधी सॉ मिलचा भुसा टाका भरपूर, रात्रभर राहू दे, सकाळी गोळा करा, असं दोन-तीनदा. तेवढी माती वरवर खरवडून वेगळ्या पोत्यात भरा आणि मगच सारवा. उरलेलं काळं ऑइल विहिरीकडे किंवा व्हाळात ओतू देऊ नका, थोडंसं ऑइल पुष्कळ पाणी नासवतं. कॅनमध्ये भरून ठेवा, जुनं ऑइल घेणाऱ्याकडे मुलालाच नेऊन द्यायला सांगा. इंजिनखाली जुना पत्र्याचा ट्रे सरकवा.

पोतं मात्र काढाच, पोतं ओल धरतं आणि पावसात इंजिन पोत्याखालीच गंजतं. इंजिनला जिथे जिथे भोक दिसेल तिथे फडक्याचा बोळा घट्ट कोंबा, आतमध्ये पडेल असा छोटा नको, प्रत्येक बोळ्याचं टोक बाहेर लोंबू दे आणि किती बोळे घातले ते मोजून लिहून ठेवा. वरून प्लास्टिक, खालून हवा खेळती. आणि मुलाला फोन करून सांगा की शिमग्याला पालखी अंगणात येते, तोवर इंजिन गाडीत नाहीतर गोठ्यात.

पालखीला घाबरून येईल तो. नाही आला तर गोठ्यात हलवायला चार माणसं आणि दोन पहारी लागतील, गोल पाइपवरून सरकवा, उचलू नका.